जैतुनाची हौस आणि मोगऱ्याचा विसर

गेल्या काही वर्षांत वाशीत एका नव्या हौसेने मूळ धरले आहे. रो-हाऊसच्या पुढे दहा-पंधरा फुटांची मोकळी जागा असते, तळमजल्यावरील सदनिकेच्या मागे चिंचोळी पट्टी असते, नाहीतर वरच्या मजल्याची गच्ची असते. तेथे 'मेडिटरेनियन' पद्धतीची बाग करायची, अशी ही हौस आहे. असलेली माती दाबून तिच्यावर प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि वर पांढरी खडी पसरायची. भिंतींना पांढरा शुभ्र रंग द्यायचा. मोठ्या कुंड्यांत जैतुनाचे, म्हणजेच ऑलिव्हचे रोप, भोवती लॅव्हेंडर आणि रोझमेरी, दाराच्या दोहों बाजूंस सायप्रसचे दोन सुळके आणि मध्यभागी विजेवर चालणारे कारंजे. घर ख्रिस्ती असेल तर कारंज्यामागे पवित्र मरियेची ग्रोटो हवीच. पाहुणे येतात, छायाचित्रे काढतात आणि म्हणतात, ''अगदी इटलीत आल्यासारखे वाटते!'' यजमान कृतकृत्य होतो.

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु ज्या हौसेपायी उभे झाड तोडले जाते, भूमीचे तोंड बंद केले जाते आणि आपल्याच अंगणात आपण पाहुणे होऊन बसतो, त्या हौसेचे मोल कोणीतरी मोजतच असते. ते कोण मोजते आणि किती, हे स्पष्ट सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. आमचे म्हणणे कित्येक वाचकांना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

आरंभीच एक गोष्ट मान्य करू. भूमध्य सागराच्या काठची बाग ही मानवी शहाणपणाची एक सुंदर निर्मिती आहे. त्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. जेरुसलेमला वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर या काळात तेथे जवळजवळ थेंबही पडत नाही. अशा भूमीत राहणाऱ्या शेतकऱ्याने थोड्या पाण्यावर जगणारी झाडे निवडली. जैतुनाची पाने लहान, चिवट आणि रुपेरी, म्हणून त्यांतून पाणी कमी उडते. लॅव्हेंडर व रोझमेरी यांच्या पानांतील तेलही त्याच कोरड्या उन्हाशी केलेल्या तडजोडीचा भाग आहे. मातीतील ओल टिकावी म्हणून खडी, भाजून काढणारे ऊन परतून जावे म्हणून पांढरी भिंत आणि हवेला थोडा गारवा यावा म्हणून चौकात पाण्याचा लहानसा हौद. त्या बागेतील प्रत्येक वस्तूला कारण आहे. तेथील माणसाने आपल्या आकाशाकडे पाहिले आणि त्या आकाशाखाली जे जगेल ते लावले. भूमध्य सागरी बागेचा खरा धडा हा एवढाच आहे.

आणि नेमका हाच धडा वाशीच्या नकलेत हरवला आहे.

वनस्पतिशास्त्रज्ञ जगात असे हवामान असलेले पाच प्रदेश मानतात : भूमध्य सागराचा परिसर, कॅलिफोर्निया, मध्य चिली, दक्षिण आफ्रिकेतील केपचा टापू आणि ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य व दक्षिण भाग. या यादीत कोकणाचे नाव नाही. आपल्याकडे सारा व्यवहार उलटा आहे. हिवाळा कोरडा आणि पाऊस उन्हाळ्याच्या शेवटी, तोही चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक. २६ जुलै २००५ हा दिवस वाशीत आणि मुंबईत कोण विसरला असेल? खाडीपलीकडे सांताक्रूझला त्या दिवशी चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. जेरुसलेमला दीड वर्षात जेवढा पाऊस पडतो, त्याहून अधिक पाऊस आपल्या आकाशाने एका दिवसात दिला. आणि अशा आकाशाखाली आपण जेरुसलेमची झाडे लावतो!

मग व्हायचे तेच होते. लॅव्हेंडर आणि रोझमेरी जूनपर्यंत कशीबशी तग धरतात. जुलैत त्यांची मुळे कुजतात आणि ऑगस्टमध्ये कुंडीत करड्या काड्या उरतात. गणपतीनंतर नवी रोपे आणली जातात, म्हणजे ही बाग दर वर्षी मरते आणि दर वर्षी विकत घेतली जाते. जैतून त्यामानाने चिवट, तो तग धरतो. परंतु त्याला मोहोर येण्यासाठी हिवाळ्यात काही आठवडे चांगली थंडी लागते. वाशीच्या हिवाळ्यात ती कोठून येणार? ज्यांना जैतुनाचे पीक खरोखरच घ्यायचे होते त्यांनी विचार करून जागा निवडली. राजस्थान सरकारने २००७-०८ च्या सुमारास इस्रायलच्या साहाय्याने जैतुनाची लागवड आरंभिली, ती बिकानेरसारख्या कोरड्या उन्हाच्या आणि कडक थंडीच्या मुलखात. खाडीच्या दमट, खारट वाऱ्यात ती करावी असे त्यांच्यापैकी कोणास सुचले नाही. आपल्या गच्चीवरचे जैतुनाचे झाड फळणार नाही, त्याची सावली पडणार नाही आणि त्यावर सहसा कोणी पाखरू घरटे बांधणार नाही. त्याचा उपयोग एवढाच की ते जैतुनाचे आहे!

पांढऱ्या भिंतीची कथा याहून निराळी नाही. पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर शेवाळाचे काळे-हिरवे ओघळ उतरतात आणि दिवाळीला ती पुन्हा रंगवावी लागते. खडीखालच्या प्लास्टिकमुळे पाणी जमिनीत मुरत नाही. ते फाटकातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून गटारात जाते. वाशी हे खाजणांवर आणि मिठागरांवर भराव घालून उभे केलेले नगर आहे. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला तर पाणी साठवून ठेवण्यासाठी येथे धारण-तलाव खोदावे लागले. अशा नगरात पाणी पिणारी मातीची प्रत्येक वीत मोलाची आहे. ती शोभेसाठी बुजवणे हा शेजाऱ्याच्या घरात पाणी लोटण्याचाच एक प्रकार होय. कारंज्याचेही तेच. कोरड्या देशात ते हवा गार करते. आपल्या घामट हवेत ते काही गार करत नाही, आणि वीज गेली की त्याच्या हौदात डासांची पैदास मात्र होते. त्यासाठी लागणारे पाणी खालापूर तालुक्यातील मोरबे धरणातून, शुद्ध होऊन, मैलोगणती नळातून येते.

याहूनही वाईट गोष्ट अशी की, या बागांसाठी जागा करताना बहुधा जुने झाडच जाते. पहिल्या पिढीने सिडकोच्या घरात राहावयास येताच लावलेला नारळ, शेवगा, एखादा फणस. नारळ पडून गाडीची काच फुटते, शेवग्यावर सुरवंट येतात, फणसाची पाने गळतात, अशी कारणे तयार असतात. १९७५ च्या महाराष्ट्र वृक्षसंरक्षण कायद्यान्वये झाड तोडण्यास परवानगी लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. 'धोकादायक' हा शब्द त्या कायद्यातून वाट काढण्यास किती उपयोगी पडतो, हेही सर्वांना ठाऊक आहे.

येथवरचे आमचे म्हणणे कोणत्याही धर्माच्या वाचकाला लागू आहे. परंतु हे त्रैमासिक आपल्या ख्रिस्ती समाजाचे आहे आणि आपल्या समाजात या हौसेला एक वेगळेच समर्थन दिले जाते. आपले बांधव म्हणतात, ''हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. ही पवित्र शास्त्रातील झाडे आहेत. प्रभू येशूने जैतुनाच्या बागेत प्रार्थना केली. आमच्या अंगणात जैतून असावा, यात भक्ती आहे.'' या युक्तिवादाला आम्ही सर्वांत अधिक महत्त्व देतो. तो प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

गेथशेमाने या शब्दाचा अर्थ तेलाचा घाणा. प्रभू ज्या बागेत रक्ताच्या घामाने निथळला ती सहलीची बाग नव्हती. ती गरिबांच्या दिव्याला आणि भाकरीला तेल पुरवणारी कष्टाची जागा होती. प्रभूने द्राक्षवेलीचा, अंजिराचा, मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त दिला, तो ती झाडे पवित्र होती म्हणून दिला नाही. ती समोर बसलेल्या शेतकऱ्यांच्या बांधावर उभी होती म्हणून दिला. ऐकणाऱ्याच्या हाताला जे रोज लागते त्यातून देवराज्य दाखवायचे, ही प्रभूची रीत. तो वसईच्या वाडीत बोलता तर केळीच्या लोंगराविषयी बोलला असता, आणि आगरी-कोळ्यांच्या वाशीत बोलता तर भाताच्या आव्याविषयी आणि मिठाच्या आगराविषयी बोलला असता. प्रभूच्या मुलखातील झाडांचे अनुकरण म्हणजे प्रभूचे अनुकरण नव्हे. उलट ती झाडे आणून आपण त्याची रीत मोडतो.

ख्रिस्तसभेने ही रीत मोडलेली नाही. झावळ्यांच्या रविवारी इटलीत जैतुनाच्या डहाळ्या हाती घेतात, कारण तेथे जैतून आहे. पोलंडमध्ये त्या दिवशी वाळुंजाच्या कोवळ्या फांद्या घेतात, कारण तेथे ताडमाड नाहीत. आपण नारळीच्या झावळ्या घेतो, त्यांचे क्रूस विणून वर्षभर तसबिरीमागे खोवून ठेवतो आणि त्याच वाळलेल्या झावळ्यांची राख पुढील राखेच्या बुधवारी आपल्या कपाळाला लागते. कपाळावरील ती राख आपल्या मातीची असते. कोणी कधी म्हटले आहे का, की ती जैतुनाची नाही म्हणून पश्चात्ताप खोटा?

याहून मोठा दाखला संस्काराचाच आहे. शतकानुशतके रुग्णाभ्यंगासाठी जैतुनाचे तेल आवश्यक मानले जात होते. ३० नोव्हेंबर १९७२ रोजी पोप सहावे पॉल यांनी काढलेल्या धर्मादेशात असे ठरले की, जेथे जैतुनाचे तेल मिळत नाही वा कष्टाने मिळते तेथे अन्य वनस्पतीचे तेलही चालेल. जगातील अनेक बिशपांनी तशी विनंती केली होती. आजाऱ्याच्या कपाळाला लागणाऱ्या पवित्र तेलाच्या बाबतीत ख्रिस्तसभेने जैतुनाचा हट्ट सोडला. आपण मात्र कुंडीच्या बाबतीत तो धरून बसलो आहोत! संस्काराला खोबऱ्याचे वा तिळाचे तेल चालते आणि दिवाणखान्याला चालत नाही. याला भक्ती म्हणावे की बडेजाव, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि ज्यांना पवित्र शास्त्रातील सुगंध अंगणात हवा आहे त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातील बेथानीचा प्रसंग आठवावा. मरियेने प्रभूच्या चरणांना जे मोलाचे तेल लावले त्याला आपल्या मराठी बायबलात जटामांसीचे तेल म्हटले आहे. ही जटामांसी हिमालयात उगवते. प्रभूच्या पायांवरचा तो सुगंध पॅलेस्टाईनमध्ये पोहोचला तो आपल्या बाजूच्या डोंगरांतून. आपला देश शुभवर्तमानात पहिल्यापासून आहे. त्याला तेथे नेण्यासाठी अंगणात इटली उभी करण्याचे कारण नाही.

याच संदर्भात फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. हे येशूसंघीय धर्मगुरू जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापून प्रसिद्ध झाले. त्यांचे बालपण इंग्लंडच्या गुलाबांत आणि रोझमेरीत गेले असणार. परंतु मराठी भाषेची थोरवी गाण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी फुलांत श्रेष्ठ म्हणून नाव घेतले ते मोगरीचे. परदेशातून आलेल्या माणसाला आपला मोगरा दिसला. आपण येथेच जन्मलो, आणि आपल्याला लॅव्हेंडर दिसते!

मोगऱ्याची कथा येथेच संपत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो द मेदिची याने गोव्याकडचा दुहेरी मोगरा मिळविला आणि फ्लॉरेन्सजवळील कास्तेल्लो येथील आपल्या बागेत त्याच्यासाठी खास उबदार घर बांधले. इटालियन भाषेत या फुलाला 'मुगेरीनो' म्हणतात. त्या नावात आपला मोगरा जसाच्या तसा ऐकू येतो. ज्या इटलीची नक्कल करण्यासाठी आपण मोगऱ्याचा वाफा खडीखाली गाडतो, त्या इटलीचा राजा मोगऱ्यासाठी जीव टाकीत होता, ही गोष्ट आपल्या बागांच्या आराखड्यांत कोणी लिहीत नाही.

किंबहुना ज्याला आपण 'मेडिटरेनियन' म्हणतो त्यातील निम्मी सामग्री त्या सागराच्या काठची नाहीच. भिंतीवर चढणारी बोगनवेल ब्राझीलची. कुंडीतील घायपात मेक्सिकोचे. खिडकीतले जिरॅनियम दक्षिण आफ्रिकेचे. आणि इटलीच्या किनाऱ्याची शान असलेले लिंबू? त्याचे माहेर ईशान्य भारत आणि त्यालगतच्या डोंगरांत मानले जाते. म्हणजे आपण वाशीच्या घाऊक बाजारात पोत्याने विकले जाणारे लिंबू इटलीच्या नावाने कुंडीत घालून विकत घेत आहो.

येथे विचारी वाचक आम्हांस अडवील. तो म्हणेल, ''मग तुमचा विरोध परदेशी झाडांना आहे काय? काजू, पेरू, अननस, मिरची हे सारे पोर्तुगिजांबरोबरच आले ना? ते उपटून टाकायचे काय?'' मुळीच नाही. झाडांच्या जन्मपत्रिका तपासण्याचा उद्योग आम्हांस करावयाचा नाही. तसला उद्योग माणसांच्या बाबतीत करणाऱ्यांचा त्रास आपल्या समाजाने पुष्कळ सोसला आहे. काजू आला आणि येथल्या जांभ्या खडकावर, येथल्या पावसात आपल्या बळावर उभा राहिला, गरिबाच्या चुलीला आणि ताटाला उपयोगी पडला. मरव्याचेच पाहा. गजऱ्यात मोगऱ्याच्या शेजारी बसणारा हा मरवा मूळचा पूर्व भूमध्य सागराकडचा. परंतु त्याला आज कोणी 'मेडिटरेनियन' म्हणून मिरवीत नाही. तो मराठी नावाने, मराठी बायकांच्या केसांत राहतो. बाहेरून येणे हा दोष नाही. येऊन येथला न होणे, आणि येथला होत नाही याचाच तोरा मिरवणे, हा दोष आहे. आमची कसोटी साधी आहे : ते झाड येथल्या पावसात जगते काय? ते कोणाला फळ, फूल, पान वा सावली देते काय? त्याच्यासाठी दुसरे काही मारावे लागत नाही ना?

दुसरा आक्षेप असा येईल : ''माझे घर, माझा पैसा, माझी आवड. त्यात इतरांनी का पडावे?'' पैसा तुमचा खरा, परंतु पाऊस, माती आणि पाणी तुमच्या एकट्याचे नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे विश्वपत्र लिहिले, त्याचा गाभाच असा आहे की, सृष्टी हे सर्वांचे सामायिक घर आहे. आणि आपल्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट पणाला लागली आहे. 'ख्रिस्ती म्हणजे परके' हा आरोप आपण कित्येक पिढ्या ऐकत आलो आहोत. तो ऐकला की आपण चिडतो, ते योग्यच आहे. आपण सांगतो की आमची मुळे या मातीत आहेत, आमची ओवी, आमची लग्नगीते, आमची लुगडी, आमची शेती येथली आहे. हे सर्व सत्य आहे. परंतु शेजारी आपल्या दारात येतो तेव्हा त्याला काय दिसते? आपल्या श्रद्धेच्या मूर्तीभोवती उभे केलेले परदेशाचे देखावे. जो आरोप आपण व्यासपीठावरून खोडून काढतो, त्याचा पुरावा आपण स्वहस्ते अंगणात लावतो. शोभेची म्हणून ही गोष्ट क्षुल्लक मानू नये. भाषण क्वचित ऐकले जाते, अंगण रोज दिसते.

आणि वसईची वाडी काय होती, हे आपल्याला कोणी सांगावयास हवे काय? वाशीत राहणारी आपली कितीतरी कुटुंबे तिकडूनच आलेली आहेत. विहिरीवर राहाट, पाटाने जाणारे पाणी, केळीच्या सावलीत पानवेली, बांधावर अबोली आणि मोगरा, पावसाचे पाणी धरून ठेवणारे बावखल, राजेळी केळ्यांची सुकेळी आणि वाटेच्या तोंडाशी क्रूस. मे महिन्यात त्या क्रुसाला आपल्याच वाडीतल्या फुलांच्या माळा चढत. त्या वाडीत शोभा आणि उपयोग यांची फारकत नव्हती. ती वाचावी म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या झेंड्याखाली लढा दिला, धमक्या सोसल्या. तेच फादर पुढे, २०२० साली, उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. हिरवाई आणि मराठी या दोन गोष्टी त्यांच्या ठायी वेगळ्या नव्हत्या. २०२४ साली ते गेले. त्यांना श्रद्धांजली वाहणारे हात खडीवर प्लास्टिक अंथरीत असतील, तर त्या श्रद्धांजलीला अर्थ काय?

कोणी म्हणेल, ''वसईची वाडी वाशीत कशी आणणार? येथे जागाच नाही.'' परंतु या नगराचा जन्मच मोकळ्या आकाशाच्या विचारातून झाला आहे. नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांपैकी एक आणि सिडकोचे आरंभीचे मुख्य वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया हे गोव्याच्या कॅथोलिक कुटुंबातले. आपल्यासारख्या उष्ण हवेत घराची उत्तम खोली म्हणजे डोक्यावर आभाळ असलेली जागा, हे त्यांनी जन्मभर सांगितले. ऐंशीच्या दशकात बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये त्यांनी लहान उत्पन्नाच्या माणसांसाठीही घरे बांधली, तीही सामायिक अंगणांभोवती. दादरचे साल्व्हेशन चर्च बांधतानाही त्यांनी उपासनेच्या जागा उघड्या चौकांशी जोडल्या. परदेशी शिकलेल्या या माणसाला अंगण, पडवी आणि चौक पुरेसे आधुनिक वाटले. आपल्याला ते गावंढळ वाटतात!

मग लावावे तरी काय? 'परगोला' या नावाने लोखंडी सांगाडा विकत घेण्याऐवजी मांडव घालावा. त्यावर पावसाळ्यात पडवळ, दोडके, कारली चढवावीत, नाहीतर मधुमालती सोडावी. उंच सुळका हवा तर सायप्रसऐवजी पोफळ लावावी. ती कोकणच्या पावसात वाढते आणि सुपारीही देते. लॅव्हेंडरच्या जागी वाळा लावावा. तो पाणी साचले तरी कुजत नाही, उन्हाळ्यात सहसा मरत नाही आणि त्याच्या मुळ्यांनी माठातील पाणी सुवासिक होते. रोझमेरीच्या जागी पानओवा, गवती चहा, सब्जा लावावा. धुण्या-भांड्यांचे साबणविरहित पाणी जेथे जाते तेथे अळू आणि केळ असावी. ग्रोटोपाशी पारिजातक असावा. पहाटे मरियेच्या पायाशी जो सडा पडेल तो दुकानातून आणावा लागणार नाही. आणि मोगरा हवाच. त्याला वर्षाकाठी थोडी छाटणी, थोडे शेणखत आणि ऊन, एवढेच पुरते. ही बाग करण्यास सल्लागार लागत नाही. आपल्या घरातील वृद्ध आईला वा आजीला विचारले तरी पुरे. बऱ्याच घरांत तिला याविषयी कोणी काही विचारीत नाही, एवढेच.

शेवटी दोन गोष्टी सांगून थांबतो. असिसीचे संत फ्रान्सिस हे भूमध्य सागराच्याच देशातले. मठाच्या बागेचा काही भाग नेहमी तसाच, न लावता सोडावा, म्हणजे तेथे रानफुले व रानभाज्या आपणहून उगवतील आणि ती पाहणाऱ्याला देवाची आठवण होईल, असे ते सांगत. पोप फ्रान्सिस यांनी आपल्या विश्वपत्रात ही गोष्ट मुद्दाम नोंदली आहे. ज्यांना इटलीचे काही घ्यावयाचेच आहे त्यांनी इटलीकडून हे घ्यावे. आपल्या दहा फुटांतील एक फूट मोकळा सोडावा. पहिल्या पावसानंतर तेथे टाकळा उगवेल, तेरडा उगवेल, कदाचित भारंगीही. तेथे काहीही खर्च नाही.

दुसरी गोष्ट पुनरुत्थानाच्या पहाटेची. मग्दालिया मरियेला कबरीजवळच्या बागेत प्रभू दिसला तेव्हा तिला तो माळी वाटला. योहानाने हे लिहून ठेवले आहे आणि आपण ते दर पास्काला ऐकतो. तो तिला राजा वाटला नाही, परदेशचा पाहुणा वाटला नाही. त्या मातीत काम करणारा, त्या बागेचा माळी वाटला. आपल्या अंगणात तो आला तर तो आपल्याला ओळखू येईल, अशी माती आपण त्याच्यासाठी उघडी ठेवली आहे काय?